डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला, पुढे काय?

विचारणा अशी आहे: "काही देशांत डॉक्टर औषधासारखाच व्यायाम किंवा खेळ चिठ्ठीवर लिहून देतात आणि सरकारचं तसं धोरणही आहे. याने खरंच काही फरक पडतो का? सगळ्यांनाच असा व्यायाम लिहून द्यावा का? पैसे कोणी भरायचे? आणि नुसतं 'रोज चालत जा' सांगण्यापेक्षा यात वेगळं ते काय?"

हृदयविकार, मधुमेह आणि सांधेदुखीच्या रुग्णांना पुन्हा हालतं-चालतं करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. आधी मत सांगून टाकतो. व्यायामाने गुण येतो का, हा प्रश्न केव्हाच मिटलाय. चिठ्ठी लिहिल्याने माणूस व्यायाम करायला लागतो का, हा मात्र मिटलेला नाही. धोरणाच्या चर्चेत या दोन्हींची सर्रास गल्लत होते. पुरावे पहिल्या प्रश्नाचे दाखवायचे आणि निधी दुसऱ्यासाठी मागायचा, असं चालतं.

पहिल्याचे पुरावे भक्कम आहेत, यात शंका नको. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ लोक त्यात होते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. ज्यांना आहार सांभाळून आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन उतरवण्याचं लक्ष्य दिलं होतं, त्यांच्यात ते ५८ टक्क्यांनी घटलं. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा 'चॅलेंज' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन आणि केमोथेरपी पूर्ण झालेले ८८९ रुग्ण होते. एका गटाला तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम, दुसऱ्याला आरोग्याच्या माहितीची पुस्तिका. पाच वर्षांनंतर कॅन्सर न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के होतं, पुस्तिकेच्या गटात ७३.९. एखाद्या नव्या गोळीने एवढा फरक दाखवला असता तर कंपनीने जगभर ढोल बडवले असते.

आता या अभ्यासांत लोकांना नेमकं काय मिळालं होतं ते बघा. डायबिटीसच्या अभ्यासात प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता. पहिल्या २४ आठवड्यांत १६ बैठका, त्याही एकेकट्या माणसाबरोबर, आणि नंतर साधारण महिन्याला एक. 'चॅलेंज'मध्ये प्रशिक्षित सल्लागार तीन वर्षं मागे होता, सुरुवातीचे सहा महिने तर दर पंधरवड्याला. म्हणजे तिथे व्यायामासोबत एक माणूसही दिलेला होता. धोरण कागदावर उतरताना हा माणूस खर्चिक म्हणून गळतो, आणि उरते ती चिठ्ठी.

याचा थेट पुरावा हवा असेल तर मधुमेहाच्या रुग्णांवरच्या चाचण्यांचा एक मोठा एकत्रित आढावा २०११ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला होता. देखरेखीखाली, आखून दिलेला व्यायाम करणाऱ्यांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा, टक्क्यांत मोजला जाणारा आकडा) सरासरी ०.६७ ने खाली आलं. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त करणाऱ्यांचं ०.८९ ने. आणि ज्यांना नुसता व्यायामाचा सल्ला दिला, सोबत आहाराचं मार्गदर्शन नाही, त्यांच्यात फरक दिसलाच नाही. 'रोज चालत जा' हे वाक्य मी रोज ऐकतो, कधी कधी म्हणतोही. त्या वाक्याची ताकद एवढीच आहे.

मग चिठ्ठीने काय साधतं? ब्रिटनमध्ये अशा योजना १९९० पासून आहेत. फॅमिली डॉक्टर रुग्णाला जवळच्या व्यायामशाळेकडे किंवा क्रीडा केंद्राकडे पाठवतो, तिथे दहा-बारा आठवड्यांचा सवलतीचा कार्यक्रम असतो. या योजनांचा २००७ सालचा एक आढावा सांगतो की बैठ्या १७ जणांना पाठवावं तेव्हा त्यातला एक जण, जो एरवी झाला नसता, तो बऱ्यापैकी हालता-फिरता होतो. २०१२ मधल्या दुसऱ्या एका आढाव्यात दवाखान्यातच समजावून सांगणं, पत्रक देणं, पाठपुरावा करणं अशा सगळ्या प्रयत्नांचा विचार होता, आणि तिथे वर्षभरानंतरचा आकडा १२ जणांमागे एक असा निघाला. दोन्ही आढाव्यांच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे १२ आणि १७ शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. पण केंद्राकडे पाठवणं हे दवाखान्यातल्या नीट केलेल्या संभाषणापेक्षा सरस आहे, असं मात्र त्या दुसऱ्या आढाव्याला दाखवता आलं नाही.

सतरातला एक म्हणजे फारच कमी, असं वाटेल. मला तसं वाटत नाही. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीचाही एक झटका टाळायला बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं ती गोळी द्यावी लागते, आणि त्याला आपण यशच म्हणतो. खटकतं ते एवढंच, की हा एक जण नेमका कोण याकडे कोणी बघत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. लंडनच्या बसगाड्यांवर जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायामाच्या आजच्या सगळ्या विज्ञानाची सुरुवात इथून मानतात. पण मॉरिस स्वतः तिथे थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी बस कंपनीने दिलेल्या गणवेशांची मापं तपासली, आणि दिसलं की ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मुळातच जास्त असायचा. म्हणजे दोन्ही कामांना माणसंच थोडी वेगळी जात होती. आपल्याच शोधावर असा प्रश्न उभा करायला हिंमत लागते. (पुढच्या अभ्यासांनी व्यायामाचा फायदा खरा असल्याचं सिद्ध केलं, तो भाग वेगळा.)

व्यायामाच्या चिठ्ठीचंही असंच होतं. चिठ्ठी घेऊन पहिल्या आठवड्यात जो केंद्रावर पोचतो, तो बहुधा आधीच अर्धा तयार असतो: निवृत्त, वेळ असलेला, पूर्वी कधी तरी खेळलेला. ज्याची पाळी रात्रीची आहे, जिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ज्याला लोकांसमोर दम लागण्याची लाज वाटते, ते येत नाहीत. आणि आजाराचं ओझं सगळ्यात जास्त याच लोकांवर असतं. योजनेचा वार्षिक अहवाल मात्र छान दिसतो, कारण आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बरं वाटलेलं असतं.

म्हणूनच 'सगळ्यांना द्यावी का' याला माझं उत्तर नाही असं आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच स्पष्ट म्हटलं: केवळ बैठी जीवनशैली आहे, बाकी तब्येत ठणठणीत आहे, अशांना व्यायामकेंद्राकडे पाठवण्याच्या योजनांवर पैसा घालू नका. आजार किंवा धोक्याची लक्षणं असणाऱ्यांसाठी घाला, तेही सवय बदलायला मदत करणारे घटक योजनेत असतील तरच. मला हे पटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ साली जगातल्या ३१ टक्के प्रौढांची, म्हणजे सुमारे १८० कोटी लोकांची, शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. २०१० मध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. १८० कोटी लोकांना चिठ्ठ्या लिहून हा आकडा खाली येणार नाही. तिथे फूटपाथ, सायकलचे रस्ते, शाळेतला खेळाचा तास, कामाची वेळ आणि कामाला जाण्याची सोय यांचा प्रश्न आहे. चिठ्ठी हे आजारी माणसाचं साधन आहे. ती पुढे करून रस्ते आणि मैदानं यांच्या जबाबदारीतून कोणी हात झटकत असेल तर ते ओळखायला हवं.

आता देशांकडे येऊ. तपशिलात गेलं की प्रत्येकाने वेगळी गाठ सोडवलेली दिसते.

न्यूझीलंडमध्ये 'ग्रीन प्रिस्क्रिप्शन' १९९८ पासून आहे. त्यातली मला आवडणारी गोष्ट अशी की चिठ्ठीची एक प्रत प्रादेशिक क्रीडा संस्थेकडे जाते आणि तिथला माणूस रुग्णाला फोन करतो. रुग्णाने आपणहून जाण्याची वाट बघत कोणी बसत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४२ दवाखान्यांतले ८७८ रुग्ण होते. वर्षाअखेरीस आठवड्याला अडीच तासांची पातळी गाठणाऱ्यांचं प्रमाण चिठ्ठीच्या गटात शंभरामागे सुमारे १० ने जास्त वाढलं. २००८ मध्ये ४० ते ७४ वयाच्या १,०८९ स्त्रियांवरची दुसरी चाचणी आली, त्यात नर्स पाठपुरावा करत होती. सुरुवातीला दोन्ही गटांत जेमतेम १० टक्के स्त्रिया १५० मिनिटांपर्यंत पोचत होत्या. वर्षाने चिठ्ठीच्या गटात ४३ टक्के झाल्या, दुसऱ्या गटात ३०. दोन वर्षांनी ३९ आणि ३३.

या आकड्यांवर जरा थांबा. एक, ज्यांना काहीच खास दिलं नव्हतं त्या गटातही तिप्पट वाढ झाली. आपल्याला कोणी विचारतंय, मोजतंय, एवढ्यानेही माणूस हलतो. दोन, दोन गटांतलं अंतर वर्षभरात १३ होतं, ते दुसऱ्या वर्षी ६ वर आलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच, फक्त इथे ते आकड्यांत दिसतं. आणि तीन, ज्याचा उल्लेख योजनेच्या प्रचारात सहसा नसतो: व्यायाम करणाऱ्या गटात पडण्याचं आणि दुखापतींचं प्रमाणही वाढलं. घरात बसलेली साठीची बाई घराबाहेर पडली की पडणारही. याचा अर्थ तिला घरात बसवावं असा नाही. तोल सांभाळण्याचे आणि पायात ताकद आणण्याचे व्यायाम चालण्याच्या आधी किंवा निदान सोबत द्यायला हवेत, असा आहे.

स्वीडनने दुसरी गाठ सोडवली. तिथे व्यायामाची चिठ्ठी फक्त डॉक्टरच नाही, तर नर्स, फिजिओथेरपिस्ट अशी आरोग्यसेवेतली कोणतीही परवानाधारक व्यक्ती लिहू शकते. कोणत्या आजारात कोणता व्यायाम किती, याचा सविस्तर ग्रंथ त्यांनी तयार केलाय आणि तो हाताशी ठेवून लिहितात. तिथल्या अनुभवात वर्षभराने साधारण निम्मे लोक लिहिल्याप्रमाणे करत असतात. दीर्घकाळ घ्यायच्या गोळ्यांचंही जवळपास असंच असतं, त्यामुळे हा आकडा वाईट मानायचं कारण नाही.

फ्रान्समध्ये सुरुवात एका शहराने केली. स्ट्रासबुर्गने २०१२ च्या अखेरीस ही योजना सुरू केली, मग जानेवारी २०१६ च्या आरोग्य कायद्यात ती आली आणि मार्च २०१७ पासून देशभर लागू झाली. सुरुवातीला दीर्घ आजारांच्या ठरलेल्या यादीतले रुग्णच पात्र होते. २०२२ च्या कायद्याने व्याप्ती वाढवली. त्यांच्या नियमांतला एक भाग इतरांनीही उचलण्यासारखा आहे: रुग्णाच्या हालचालीवर किती मर्यादा आहे त्यावरून त्याला कोणाकडे पाठवायचं हे ठरतं. मर्यादा गंभीर असेल तर सुरुवातीला फिजिओथेरपिस्टसारखे आरोग्यसेवकच. सौम्य असेल तर प्रशिक्षण घेतलेला क्लबचा कोचही चालतो. पण पैशाच्या बाबतीत कायदा लंगडा राहिला. डॉक्टर लिहून देऊ शकतात, पण राष्ट्रीय विमा योजना त्याचा खर्च सर्वसाधारणपणे देत नाही. स्ट्रासबुर्गसारख्या शहराने स्वतःच्या तिजोरीतून उत्पन्नानुसार फी ठेवली म्हणून तिथे गरीब रुग्ण टिकले. ज्या शहराने हात आखडता घेतला तिथे रुग्णाच्या हातात नुसता कागद.

पैसे कोणी भरावेत याला नेमकं उत्तर मला नेदरलँड्समध्ये सापडतं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की थोडं चाललं तरी पोटऱ्या भरून येतात, थांबलं की कमी होतं. यावरचा उत्तम उपचार म्हणजे देखरेखीखाली चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. बऱ्याच रुग्णांची यामुळे अँजिओप्लास्टी टळते किंवा लांबते. नेदरलँड्सच्या मूलभूत विम्यात २०१७ पासून अशा ३७ सत्रांचा खर्च मिळतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विम्यानेही याच आजारासाठी १२ आठवड्यांत ३६ सत्रांना मान्यता दिली. इथे व्यायाम हाच उपचार आहे, त्याची मात्रा ठरलेली आहे आणि पर्याय असलेलं ऑपरेशन महाग आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचं पुनर्वसन, दीर्घकालीन श्वसनविकार, गुडघ्याची झीज, हार्ट फेल्युअर, हे सगळे याच रांगेतले. विम्याने किंवा सरकारने सत्रांचे पूर्ण पैसे भरायची सुरुवात इथून करावी. बाकीच्यांसाठी जिमचं कूपन वाटण्यापेक्षा जागा आणि माणूस यावर खर्च व्हावा, असं माझं मत. कूपनं निघाली की जिमवाल्यांची चांदी होते, पण तिसऱ्या महिन्यात जिममध्ये किती रुग्ण उरले हे विचारायला कोणी जात नाही.

'यात वेगळं ते काय' याचं उत्तर धोरणात नाही, चिठ्ठीच्या कागदावर आहे. एक नमुना देतो, माझ्याकडे येणाऱ्या अनेकींवरून बेतलेला.

बाई ५८ वर्षांच्या. मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बीपीसाठी दोन गोळ्या, त्यातली एक बीटा ब्लॉकर. दोन्ही गुडघे झिजलेले. 'रोज पाऊण तास चाला' असं त्यांना आधी चार ठिकाणी सांगून झालंय. दर वेळी त्या उत्साहाने सुरू करतात, तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो, आणि 'आपल्याला जमत नाही' हा समज आणखी घट्ट होतो.

त्यांच्या चिठ्ठीवर मी असं लिहीन. खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं, आठ वेळा, मध्ये विश्रांती घेऊन पुन्हा आठ, दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची. ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा वेळा. सपाट जागेवर चालणं, एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मनगटावरच्या घड्याळातली नाडी बघून वेग ठरवायचा नाही, कारण बीटा ब्लॉकरमुळे नाडी पुरेशी वाढत नाही आणि ती वाढवण्याच्या नादात माणूस नको इतका दमतो. गुडघा दुखला तर दहापैकी पाचापर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत तो पहिल्यासारखा व्हायला हवा. नाही झाला तर व्यायाम बंद करायचा नाही, निम्मा करायचा. दर दोन आठवड्यांनी चालण्यात दोन-तीन मिनिटांची भर. रोज रात्री दोन्ही तळपाय बघायचे, फोड किंवा लालसरपणा आहे का. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारं दुखणं यापैकी काही झालं तर थांबायचं आणि लगेच कळवायचं.

एक ओळ औषधांची, जी बहुतेक चिठ्ठ्यांत नसते. ग्लिमेपिराइडमुळे साखर अचानक खाली जाऊ शकते आणि व्यायामाने ती शक्यता वाढते. म्हणून खिशात साखर ठेवायची, पहिले दोन आठवडे चालण्याआधी आणि नंतर मोजायची, आणि आकडे खाली यायला लागले तर गोळीचा डोस मी कमी करणार, त्यांनी खाणं वाढवायचं नाही. हीच गोष्ट इन्सुलिनवरच्या रुग्णाला आणखी जास्त लागू. व्यायाम लिहिणारा एक आणि औषधं लिहिणारा दुसरा, दोघांत बोलणं नाही, असं असेल तर रुग्ण घामाघूम होऊन एकदा चक्कर खातो आणि व्यायामाला कायमचा रामराम ठोकतो. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहामुळे नाजूक नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील तर जड वजनं उचलणं आणि श्वास रोखून जोर लावणं आधी बंद. बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी बीपी आटोक्यात, मग व्यायाम.

शेवटची ओळ: दोन आठवड्यांनी फोन येईल, अमुक वारी. फोन कोण करणार त्याचं नाव चिठ्ठीवर असतं. माझ्या अनुभवात ही ओळ वरच्या सगळ्या ओळींइतकी मोलाची आहे.

हे सगळं लिहायला डॉक्टरकडे वेळ कुठे, हा रास्त प्रश्न. म्हणून तर नर्स आणि फिजिओ यांना अधिकार देणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या कायझर परमनंटे या आरोग्यसेवेने २००९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात साधी पद्धत सुरू केली. बीपी आणि वजन घेतानाच दोन प्रश्न विचारायचे: आठवड्यातले किती दिवस भरभर चालण्याइतका किंवा त्याहून जोराचा व्यायाम करता, आणि त्या दिवशी किती मिनिटं. दोन आकड्यांचा गुणाकार केसपेपरवर बीपीच्या शेजारी येतो. मिनिटभराचंही काम नाही. डॉक्टरच्या समोर '०' दिसला की विषय आपोआप निघतो.

आणि तपासण्यांचा बाऊ करू नका. लक्षणं नसलेल्या माणसाला चालायला सुरुवात करण्याआधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट सक्तीची केली की अर्धे लोक त्याच रांगेत गळतात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननेही २०१५ मध्ये आपल्या सूचना सैल केल्या. आता बघायचं ते इतकंच की माणूस सध्या किती हालचाल करतो, त्याला माहीत असलेला हृदयाचा, मधुमेहाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार किंवा तशी लक्षणं आहेत का, आणि सुरुवात किती जोरात करायची आहे.

खेळाबद्दल विचारलंय, तर तो भाग मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतो. डेन्मार्कमध्ये प्रोस्टेट कॅन्सरसाठी हार्मोन उपचार घेणाऱ्या पुरुषांना फुटबॉल खेळायला लावलं. या उपचारांनी स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे ऐकायला हे वेडेपणाचं वाटतं. बारा आठवड्यांत त्यांचे स्नायू आणि ताकद वाढली. त्याहून महत्त्वाचं, ते येत राहिले. ट्रेडमिल कोणाची वाट बघत नाही. संघातले बाकीचे बघतात, आणि एक जण आला नाही तर फोन करतात. इंग्लंडमध्ये २०११ साली चेस्टरफील्ड इथे सुरू झालेला चालत खेळायचा फुटबॉल याच जातीचा: पळायचं नाही, अंगावर जायचं नाही, बाकी सगळा खेळ तोच. ज्यांनी तरुणपणी मैदान गाजवलंय त्यांच्यासाठी तर सोन्याहून पिवळं, फक्त पहिल्या दहा मिनिटांत त्यांना पळू न देणं हे कोचचं खरं काम असतं.

पण क्लब हे जिंकण्यासाठी बांधलेले असतात. तिथे ७० किलो जास्तीचं वजन घेऊन येणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात यावर तो दुसऱ्यांदा येणार की नाही हे ठरतं. म्हणून रुग्णांसाठी स्वतंत्र वेळ, स्वतंत्र गट आणि आजारांची जुजबी माहिती असलेला कोच नसेल तर मी खेळ लिहीत नाही, चालणं आणि ताकदीचे व्यायाम लिहितो.

एक धोका मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. व्यायाम हा उपचार म्हणून नोंदला गेला की तो न करणं हे रुग्णाचं 'असहकार' म्हणून नोंदवता येतं. उद्या एखादी विमा कंपनी म्हणेल, लिहून दिलेला व्यायाम केला नाही, हप्ता वाढवा. गोळी न घेण्याबद्दल आपण असा दंड लावत नाही. धोरणाच्या मसुद्यात ही पळवाट बुजवलेली हवी, आणि ती पहिल्याच मसुद्यात.

एखाद्या आरोग्य खात्याने मला विचारलं, सुरुवात कशी करू, तर चिठ्ठ्यांची पॅडं छापायला मी सांगणार नाही. पहिल्या वर्षी एकाच भागात, चार-पाच दवाखान्यांमागे एक अशी मार्गदर्शक माणसं नेमा, फिजिओ किंवा व्यायामशास्त्र शिकलेली, आणि त्यांना फोन व फिरतीसाठी पैसे द्या. ज्या आजारांत व्यायाम हाच उपचार आहे तेवढेच घ्या. वर्षाने बघा: ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, सहा मिनिटांत किती चालता येतं, औषधांचे डोस बदलले का. दुसऱ्या वर्षाअखेरीस जे गळले त्यांनाच फोन करा, टिकलेल्यांना नाही, आणि का सोडलं ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. पुढची जागा कुठे उघडायची, कोणत्या वेळेला, आणि तिथे बायकांचा वेगळा गट हवा की नको, हे त्या उत्तरांवरून ठरवा.